मेगुमी हायाशिबारा

मेगुमी हायाशिबारा (जन्म: ३० मार्च १९६७, तोक्यो) या जपानी आवाज-अभिनेत्री, गायिका, गीतकार आणि रेडिओ-निवेदिका आहेत. ॲनिमे, म्हणजे जपानी चलच्चित्रमालिका आणि चित्रपट, यांतील पात्रांना आवाज देणाऱ्या कलाकाराला जपानी भाषेत ‘सेइयू’ म्हणतात. १९८६ पासून या क्षेत्रात कार्यरत असलेल्या हायाशिबारा या १९९० च्या दशकातील सर्वांत लोकप्रिय सेइयूंपैकी एक मानल्या जातात. ‘रान्मा १/२’ मधील मुलीच्या रूपातील रान्मा, ‘स्लेयर्स’ मधील लीना इन्व्हर्स, ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ मधील रेइ आयानामी, ‘पोकेमॉन’ मधील मुसाशी, ‘काउबॉय बीबॉप’ मधील फे व्हॅलेंटाइन आणि ‘डिटेक्टिव्ह कोनान’ मधील आय हायबारा या त्यांच्या प्रमुख भूमिका होत.

अभिनयाबरोबरच त्यांनी आपण आवाज दिलेल्या अनेक मालिकांची शीर्षकगीतेही गायिली. पडद्यामागे राहणाऱ्या आवाजाच्या कलाकाराला स्वतःचे नाव, स्वतःचा श्रोतृवर्ग आणि स्वतःच्या ध्वनिमुद्रिका असू शकतात, ही गोष्ट जपानमध्ये रूढ होण्यात त्यांच्या कारकिर्दीचा मोठा वाटा आहे.

नाव

जपानी पद्धतीनुसार आडनाव आधी येते. त्यामुळे जपानमध्ये त्यांचे नाव ‘हायाशिबारा मेगुमी’ असे लिहिले जाते. ‘हायाशी’ म्हणजे झाडी किंवा उपवन आणि ‘हारा’ (जोडशब्दात ‘बारा’) म्हणजे मैदान. गीतकार म्हणून त्या केवळ ‘मेगुमी’ हे नाव रोमन लिपीत वापरतात.

प्रारंभिक जीवन आणि प्रशिक्षण

हायाशिबारा यांचा जन्म तोक्यो महानगराच्या उत्तर भागातील किता या प्रभागात झाला. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी एकाच वेळी दोन वाटा धरल्या. एकीकडे परिचारिका होण्यासाठी परिचर्या-विद्यालयात प्रवेश घेतला, तर दुसरीकडे ‘आर्ट्स व्हिजन’ या सेइयू-संस्थेच्या प्रशिक्षणवर्गात त्यांची निवड झाली. आवाजाच्या कामावर उदरनिर्वाह होईलच याची त्या काळी खात्री देता येत नसे. दिवसा रुग्णसेवेचे शिक्षण आणि उरलेल्या वेळात उच्चार, श्वास व संवादफेक यांचा सराव, असा त्यांचा क्रम होता. परिचर्येचे शिक्षण त्यांनी पूर्ण केले आणि परिचारिकेची पात्रताही मिळवली. आवाजाच्या क्षेत्रात त्यांचे पदार्पण मात्र त्याआधीच, विद्यार्थिदशेत, झाले होते.

व्यवसायाची पार्श्वभूमी

हायाशिबारा यांच्या कारकिर्दीचे वेगळेपण समजण्यासाठी जपानमधील या व्यवसायाची रीत ध्यानात घ्यावी लागते. जपानमध्ये परदेशी चित्रपटांना जपानी आवाज देण्याच्या कामाला ‘फुकिकाए’ असे म्हणतात, तर ॲनिमेतील चित्रांना प्रथमच आवाज देण्याच्या कामाला ‘आफुरेको’ म्हणतात. ‘आफ्टर रेकॉर्डिंग’ या इंग्रजी शब्दांचे हे जपानी संक्षिप्त रूप आहे. नावाप्रमाणेच यात चित्र आधी आणि आवाज नंतर असतो. प्रत्यक्षात चित्र पुष्कळदा अपुरे असते. पडद्यावर कच्ची रेखाटने किंवा नुसत्या खुणा दिसतात आणि कोणत्या पात्राने केव्हा बोलावे एवढेच त्यांवरून कळते. रंग, मुद्रा, पार्श्वसंगीत यांपैकी काहीही समोर नसताना कलाकाराला पात्राचा भाव नेमका पकडावा लागतो.

रूढ पद्धतीत सर्व कलाकार एकाच ध्वनिमुद्रण-कक्षात जमतात. समोर पडदा आणि काही मोजके ध्वनिक्षेपक असतात. ज्याचा संवाद आला त्याने हातातील संहितेसह पुढे यायचे, बोलायचे आणि पानाचाही आवाज न होऊ देता दुसऱ्यासाठी जागा मोकळी करून द्यायची. त्यामुळे सेइयूचे काम एकट्याचे नसून समोरच्या नटाच्या स्वराला उत्तर देण्याचे, नाटकाच्या जवळ जाणारे असते.

जपानमध्ये सेइयूंच्या लोकप्रियतेच्या तीन लाटा मानल्या जातात. पहिली लाट १९६० च्या दशकात परदेशी मालिका व चित्रपटांच्या जपानी रूपांतरांमुळे आली. फ्रेंच नट आलँ देलाँ यांना जपानी आवाज देणारे नाची नोझावा यांच्यासारखे कलाकार तेव्हा प्रसिद्धीस आले. दुसरी लाट १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंतराळकथांवरील ॲनिमेंमुळे उसळली. तिसरी लाट १९९० च्या दशकातील. ‘सेइयू ग्रँड प्री’ आणि ‘व्हॉइस ॲनिमेज’ ही केवळ आवाजाच्या कलाकारांना वाहिलेली नियतकालिके १९९४ मध्ये सुरू झाली. हायाशिबारा या तिसऱ्या लाटेच्या अग्रणी होत्या.

अभिनय कारकीर्द

आरंभीची वर्षे (१९८६–१९९०)

रुमिको ताकाहाशी यांच्या चित्रकथेवर आधारलेल्या ‘मेझोन इक्कोकु’ या दूरचित्रवाणी-मालिकेतून १९८६ मध्ये हायाशिबारा यांनी पदार्पण केले. त्यात त्यांच्या वाट्याला लहान मुले आणि गर्दीतील किरकोळ पात्रे आली. एकाच भागात अनेक छोटे आवाज काढावे लागत असल्याने या उमेदवारीच्या काळात आवाजाची लवचिकता वाढते. १९८८ मध्ये ‘माशिन हीरो वातारू’ मधील हिमिको ही खोडकर निन्जा मुलगी त्यांनी रंगवली. १९८९ मध्ये ‘गंडम ००८०’ या युद्धकथेतील क्रिस्टिना मॅकेन्झी ही संयमी तरुणी त्यांना मिळाली.

त्याच वर्षी ‘रान्मा १/२’ या मालिकेने त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले. तिचा नायक रान्मा शापामुळे थंड पाणी अंगावर पडले की मुलगी होतो आणि ऊन पाण्याने पुन्हा मुलगा होतो. मुलाचा आवाज काप्पेइ यामागुची यांनी, तर मुलीचा हायाशिबारा यांनी दिला. पात्र एकच असल्याने दोन भिन्न कलाकारांच्या बोलण्याची ढब, चिडण्याची रीत आणि विनोदाची लय एकसारखी असणे आवश्यक होते. मुलीच्या आवाजातूनही मुलाचा ताठा ऐकू यावा, ही या भूमिकेची खरी कसोटी होती.

१९९० चे दशक

‘३×३ आइज’ (१९९१) या ध्वनिचित्रफीत-मालिकेत त्यांनी पाइ या त्रिनेत्र जमातीतील तरुणीचे काम केले. तिच्या देहात दोन व्यक्तिमत्त्वे वसतात. एक भाबडी पाइ आणि दुसरी उग्र, अधिकारवाणीने बोलणारी पार्वती. हे नाव आणि तिसऱ्या नेत्राची कल्पना हिंदू पुराणांतून घेतलेली आहे. १९९२ मध्ये ‘व्हिडिओ गर्ल आय’ मधील आय आमानो आणि ‘नुकु नुकु’ ही मांजरीचा मेंदू असलेली यंत्रकन्या या त्यांच्या भूमिका गाजल्या. १९९४ मध्ये ‘ब्लू सीड’ मधील मोमिजी फुजिमिया ही नायिका त्यांच्याकडे आली.

१९९५ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीत निर्णायक ठरले. एप्रिलमध्ये हाजिमे कान्झाका यांच्या कादंबऱ्यांवर आधारित ‘स्लेयर्स’ सुरू झाली. तिची नायिका लीना इन्व्हर्स ही चढ्या आवाजाची, खादाड, पैशाची लोभी आणि तरीही निर्भय अशी जादूगार आहे. तिचे संवाद जलद, तर मंत्रोच्चार लांबलचक आणि नाट्यपूर्ण असत. ऑक्टोबरमध्ये ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ सुरू झाली आणि त्यातील रेइ आयानामी ही लीनाच्या अगदी दुसऱ्या टोकाची भूमिका होती. एकाच वर्षात एकाच कलावतीने ही दोन पात्रे साकारल्याने तिच्या आवाजाचा आवाका प्रेक्षकांना प्रत्यक्षच दिसला.

रेइ आयानामी

हिदेआकी आन्नो दिग्दर्शित ‘इव्हँजेलियन’ मधील रेइ ही चौदा वर्षांची अबोल मुलगी आहे. तिचे संवाद थोडे, वाक्ये तुटक आणि स्वर जवळजवळ सपाट. ॲनिमेत तोवर भावना ठसठशीत करून दाखवण्याची प्रथा होती. इथे त्या लपवायच्या होत्या. भावनाशून्य मुलगी म्हणून वाचले तर हे पात्र यंत्रवत झाले असते. रेइला भावना नाहीत असे नव्हे, तर त्या काय असतात हे तिला ठाऊक नाही, या दिशेने दिग्दर्शकाने आणि हायाशिबारा यांनी या पात्राचा विचार केला. त्यामुळे तिच्या सपाट स्वरातही एक संकोच, प्रश्न विचारण्यापूर्वीचा क्षणभराचा थांबा ऐकू येतो. मालिका पुढे सरकते तसा हा स्वर अगदी थोडा बदलत जातो आणि तेवढा बदलही प्रेक्षकाला मोठा वाटतो.

याच मालिकेत त्यांनी नायकाची दिवंगत आई युई इकारी आणि पेनपेन नावाचा पाळीव पेंग्विन यांनाही आवाज दिला. रेइ आणि युई यांचे नाते कथेच्या गाभ्याशी असल्याने दोघींचा आवाज एकच असणे अर्थपूर्ण ठरते. रेइच्या यशानंतर शांत, अल्पभाषी, थंड स्वराच्या नायिकांची मोठी परंपरा ॲनिमेत निर्माण झाली.

दीर्घकाळ चाललेल्या भूमिका

एप्रिल १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘पोकेमॉन’ मालिकेत हायाशिबारा यांनी रॉकेट टोळीतील मुसाशी या खलनायिकेला आवाज दिला. कोजिरोचे काम शिनइचिरो मिकी यांनी, तर बोलक्या न्यार्सचे इनुको इनुयामा यांनी केले. हे त्रिकूट प्रत्येक वेळी आपले घोषवाक्य ऐटीत म्हणते आणि प्रत्येक वेळी हरते. खलपात्रे असूनही ती मुलांची लाडकी झाली, याचे श्रेय या तिघांच्या जुळलेल्या विनोदी लयीला दिले जाते. नायक सातोशीची कथा मार्च २०२३ मध्ये संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ २६ वर्षे, हायाशिबारा मुसाशी म्हणून बोलत राहिल्या. सातोशीच्या फुशिगिदाने या पोकेमॉनचा आवाजही त्यांचाच होता.

१९९८ मध्ये शिनइचिरो वातानाबे दिग्दर्शित ‘काउबॉय बीबॉप’ मधील फे व्हॅलेंटाइन ही जुगारी, कर्जबाजारी आणि भूतकाळ हरवलेली स्त्री त्यांनी साकारली. १९९९ पासून त्या ‘डिटेक्टिव्ह कोनान’ मध्ये आय हायबाराचे काम करत आहेत. ही मुळात शिहो मियानो नावाची शास्त्रज्ञ. स्वतःच घेतलेल्या विषाने तिचे शरीर लहान मुलीचे होते. शाळकरी मुलीच्या तोंडून प्रौढ, थकलेला आणि उपरोधिक स्वर यावा, अशी या भूमिकेची मागणी आहे. ही भूमिका केंद्रस्थानी असलेला ‘ब्लॅक आयर्न सबमरीन’ हा चित्रपट एप्रिल २०२३ मध्ये प्रदर्शित झाला आणि जपानमध्ये १० अब्ज येनहून अधिक कमाई करणारा तो कोनान-मालिकेतील पहिला चित्रपट ठरला.

सान्रिओ कंपनीच्या ‘हॅलो किटी’ या पात्राचा आवाजही गेली अनेक वर्षे हायाशिबारा यांचाच आहे. किटीच्या चित्रात तोंड काढलेले नसते. ओठांच्या हालचालीचा आधार नसलेल्या या पात्राची ओळख सर्वस्वी आवाजाच्या गोडव्यावर उभी आहे.

२००० नंतर

‘लव्ह हिना’ (२०००) आणि ‘शामन किंग’ (२००१) या मालिकांत त्यांनी अनुक्रमे हारुका उराशिमा आणि आन्ना क्योयामा या भूमिका केल्या. सातोशी कोन यांच्या ‘पाप्रिका’ (२००६) या चित्रपटात त्यांनी पुन्हा एकदा एका व्यक्तीची दोन रूपे रंगवली. आत्सुको चिबा ही काटेकोर मानसोपचारतज्ज्ञ आणि पाप्रिका हे तिचे स्वप्नांत वावरणारे खेळकर रूप.

‘इव्हँजेलियन’ च्या नव्या चित्रपटमालिकेत (२००७, २००९, २०१२ आणि २०२१) त्या रेइच्या भूमिकेत परतल्या. २०२१ मध्ये ‘काउबॉय बीबॉप’ ची नटनट्यांसह चित्रित केलेली अमेरिकी मालिका आली, तेव्हा तिच्या जपानी आवृत्तीत फेचा आवाज हायाशिबारा यांनीच दिला. मुळात जे पात्र त्यांनी चित्रासाठी घडवले होते, त्याच पात्राचे परदेशी अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर ‘फुकिकाए’ करण्याचा हा विरळा प्रसंग होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘रान्मा १/२’ ची नवी मालिका प्रसारित झाली. ३५ वर्षांनंतरही रान्माच्या दोन्ही रूपांसाठी यामागुची आणि हायाशिबारा यांनाच पाचारण करण्यात आले. त्या वेळी हायाशिबारा ५७ वर्षांच्या होत्या. पात्राचे वय मात्र पूर्वीइतकेच, सोळा वर्षांचे, होते.

गायन

पात्रगीते आणि ‘दोको’

जपानमध्ये सेइयूने आपल्या पात्राच्या आवाजात गायिलेल्या गाण्याला ‘पात्रगीत’ म्हणतात. हायाशिबारा यांच्या गायनाची सुरुवात याच प्रकारातून झाली. ‘रान्मा १/२’ मधील पाच अभिनेत्रींचा ‘दोको’ नावाचा गट करण्यात आला. त्यात हायाशिबारा यांच्यासह नोरिको हिदाका, मिनामी ताकायामा, किकुको इनोउए आणि रेइ साकुमा होत्या. यांपैकी ताकायामा पुढे कोनानचा आवाज झाल्या आणि त्यामुळे ‘डिटेक्टिव्ह कोनान’ मध्ये या दोघी पुन्हा एकत्र आल्या.

पात्रगीतात गायिकेला एक अडचण असते. सूर सांभाळताना पात्राचा स्वभाव सुटता कामा नये आणि पात्र सांभाळताना सूर ढळता कामा नये. ‘इव्हँजेलियन’ च्या प्रत्येक भागाच्या शेवटी ‘फ्लाय मी टु द मून’ या अमेरिकी गीताची निरनिराळी रूपे वाजत. त्यांतील काही रेइच्या नावाने हायाशिबारा यांनी गायिली आहेत.

स्वतंत्र ध्वनिमुद्रिका

किंग रेकॉर्ड्स कंपनीच्या ‘स्टारचाइल्ड’ या विभागातर्फे त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. ‘हाफ अँड, हाफ’ हा त्यांचा पहिला अल्बम १९९१ मध्ये आला. ‘स्लेयर्स’ साठी मासामी ओकुई यांच्यासह गायिलेले ‘गेट अलाँग’ (१९९५), ‘गिव्ह अ रीझन’ (१९९६) आणि ‘ब्रीझ’ (१९९७) ही शीर्षकगीते त्यांच्या सर्वाधिक परिचित गाण्यांत मोडतात. वेगवान ठेका, उंच पट्टी आणि निराशेवर मात करण्याचा आशय ही त्यांची वैशिष्ट्ये आहेत. ‘सेबर मॅरियोनेट जे’ (१९९६) आणि ‘लॉस्ट युनिव्हर्स’ (१९९८) या मालिकांतही प्रमुख भूमिका आणि शीर्षकगीत दोन्ही त्यांचेच होते.

‘शामन किंग’ च्या २००१–०२ मधील मालिकेत ‘ओव्हर सोल’ व ‘नॉर्दर्न लाइट्स’ ही आरंभगीते आणि ‘ओमोकागे’ व ‘ट्रस्ट यू’ ही अंतगीते अशी चारही गाणी त्यांनी गायिली. २०२१ मध्ये ही कथा नव्याने चित्रित झाली, तेव्हा ‘सोल सॅल्व्हेशन’ हे आरंभगीतही त्यांच्याकडेच आले. आपल्या अनेक गाण्यांचे शब्द त्यांनी स्वतः लिहिले आहेत.

त्यांच्या अल्बमांची नावे निरनिराळ्या भाषांतून घेतलेली आहेत. ‘बेर्तेमु’ (१९९६) हा मलय व इंडोनेशियन भाषांतील शब्द असून त्याचा अर्थ ‘भेटणे’ असा आहे. ‘इरावती’ (१९९७) हे मूळचे संस्कृत नाव आहे.

चित्रपटांतील गीते

‘इव्हँजेलियन’ च्या २००९ मधील चित्रपटात जपानी शाळांतून समूहगान म्हणून गायिली जाणारी ‘आज तरी निरोप’ आणि ‘मला पंख द्या’ अशा अर्थाच्या शीर्षकांची दोन साधी गाणी हायाशिबारा यांच्या आवाजात आहेत. ही दोन्ही गाणी चित्रपटातील सर्वांत भीषण प्रसंगांवर वाजतात. पडद्यावर संहार चालू असताना कानांवर शाळेच्या वर्गातील कोवळे सूर पडत राहतात आणि त्या विसंगतीने प्रसंगाची भीषणता वाढते. २०२१ च्या अंतिम चित्रपटात युमी मात्सुतोया यांचे ‘व्हॉयेजर’ हे १९८४ मधील गीत त्यांनी गायिले.

राकुगोविषयक मालिका

राकुगो ही एका कथेकऱ्याने आसनावर बसून, केवळ आवाज, मुद्रा आणि पंख्यासारख्या साध्या वस्तूंच्या आधारे सर्व पात्रे उभी करण्याची जुनी जपानी कला आहे. या कलावंतांच्या जीवनावरील ‘शोवा गेन्रोकु राकुगो शिन्जू’ (२०१६) या मालिकेत हायाशिबारा यांनी मियोकिची या गणिकेची भूमिका केली. गायिका शीना रिंगो यांनी रचलेले आरंभगीतही त्यांनी गायिले. २०१७ मधील दुसऱ्या पर्वाचे आरंभगीतही याच जोडीचे होते. आधीच्या उत्साही गीतांपेक्षा या गाण्यांचा पोत अगदी निराळा, जॅझकडे झुकणारा आणि काहीसा उदास आहे.

रंगमंचावर

ध्वनिमुद्रिकांना एवढे यश मिळूनही हायाशिबारा यांनी मोठ्या जाहीर मैफली दीर्घकाळ टाळल्या. १९९० च्या दशकातील अन्य लोकप्रिय सेइयू भव्य प्रेक्षागृहांत गात असताना त्यांनी ध्वनिमुद्रण-कक्ष आणि रेडिओ यांनाच आपले क्षेत्र मानले. स्वतःच्या नावाची पहिली एकल मैफल त्यांनी जून २०१७ मध्ये तोक्योच्या नाकानो सनप्लाझा येथे केली. तेव्हा त्यांचे वय ५० वर्षांचे होते. पुढील वर्षी ‘फिफ्टी-फिफ्टी’ हा अल्बम प्रसिद्ध झाला.

रेडिओ आणि लेखन

१९९१ मध्ये सुरू झालेला ‘हार्टफुल स्टेशन’ हा त्यांचा रेडिओ-कार्यक्रम २०१५ पर्यंत चालला. १९९२ मध्ये सुरू झालेला ‘तोक्यो बूगी नाइट’ तर तीन दशकांहून अधिक काळ चालू राहिला. श्रोत्यांची पत्रे वाचणे, त्यांना उत्तरे देणे आणि अधूनमधून गाणी ऐकवणे असे या कार्यक्रमांचे साधे स्वरूप होते. पात्राच्या आड असलेल्या व्यक्तीचा स्वतःचा बोलण्याचा आवाज श्रोत्यांना नियमित ऐकू येण्याचे हेच साधन होते. त्यामुळे वर्षानुवर्षे टिकणारा श्रोतृवर्ग निर्माण झाला.

२०२१ मध्ये त्यांचे आत्मपर पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकाचा भावार्थ ‘सारे काही पात्रांकडूनच शिकले’ असा आहे. त्यात त्यांनी एकेका भूमिकेला एकेक प्रकरण देऊन त्या पात्राने आपल्याला काय दिले हे सांगितले आहे.

त्यांचा विवाह १९९८ मध्ये झाला आणि २००४ मध्ये त्यांना कन्या झाली. त्यानंतर त्यांनी नव्या कामांचे प्रमाण कमी केले. चालू असलेल्या भूमिका मात्र सोडल्या नाहीत. कुटुंबाविषयीचा तपशील त्या सार्वजनिक जीवनापासून दूर ठेवतात.

अभिनयशैली

हायाशिबारा यांच्या प्रमुख भूमिका एकत्र पाहिल्या असता दुभंगलेल्या व्यक्तिरेखांचे प्रमाण लक्षणीय आहे. रान्मा, पाइ व पार्वती, रेइ व युई, आय हायबारा व शिहो मियानो, चिबा व पाप्रिका अशी ही मालिका आहे. या सर्व ठिकाणी निव्वळ आवाज बदलणे पुरेसे नव्हते. बदललेल्या आवाजाखाली तीच व्यक्ती आहे याची जाणीव श्रोत्याला व्हावी लागते. यासाठी त्या पट्टीपेक्षा बोलण्याच्या गतीवर, श्वासाच्या जागांवर आणि वाक्याच्या शेवटावर अधिक भर देतात. लीनाचे वाक्य शेवटी उसळते, हायबाराचे खाली उतरते, तर रेइचे मध्येच थांबल्यासारखे संपते.

दीर्घकाळ चालणाऱ्या ॲनिमेत पात्रांचे वय वाढत नाही, कलाकारांचे मात्र वाढते. जपानी प्रेक्षक परिचित आवाजाबाबत अतिशय आग्रही असतात आणि आवाजातील बारीकसा फरकही त्यांच्या ध्यानात येतो. अशा परिस्थितीत दोन-तीन दशके तोच आवाज टिकवणे हा या व्यवसायातील शिस्तीचा भाग आहे. रान्मा, मुसाशी आणि हायबारा या भूमिकांतील त्यांचे सातत्य या दृष्टीने उल्लेखनीय मानले जाते.

जपानबाहेर

ॲनिमे परदेशांत जाताना चित्र तेच राहते, पण आवाज बहुधा बदलला जातो. इंग्रजी आवृत्त्यांत रेइचे काम अमांडा विन ली यांनी, फेचे वेंडी ली यांनी, लीनाचे लिसा ऑर्टिझ यांनी आणि मुसाशीचे रेचल लिलिस यांनी केले. जपानी प्रेक्षकाला या चारही पात्रांत एकाच कलावतीचा हात ओळखू येतो. इंग्रजी आवृत्ती पाहणाऱ्याला ते नाते कळण्याचा मार्ग नव्हता.

भारतातही हेच घडले. २००३ मध्ये कार्टून नेटवर्क वाहिनीवर ‘पोकेमॉन’ हिंदीत दाखवली जाऊ लागली. ही आवृत्ती अमेरिकी आवृत्तीवरून केलेली असल्याने मुसाशी इथे ‘जेसी’ आणि कोजिरो ‘जेम्स’ या नावांनी ओळखले गेले. महाराष्ट्रातील मुलांची एक पिढी रॉकेट टोळीच्या घोषवाक्यावर हसत मोठी झाली, तरी मूळ आवाज तिने ऐकलेला नव्हता. पुढे इंटरनेटवरून मूळ जपानी आवाज आणि उपशीर्षके यांसह ॲनिमे पाहण्याची सोय झाली. ‘इव्हँजेलियन’ ही मालिका २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आणि तिचा अंतिम चित्रपट २०२१ मध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आल्यापासून हायाशिबारा यांचा अभिनय भारतीय प्रेक्षकालाही थेट ऐकता येतो.

निवडक भूमिका

१९८८ – हिमिको (माशिन हीरो वातारू)
१९८९ – क्रिस्टिना मॅकेन्झी (गंडम ००८०)
१९८९ – मुलीच्या रूपातील रान्मा (रान्मा १/२). २०२४ मध्ये पुन्हा
१९९१ – पाइ / पार्वती (३×३ आइज)
१९९२ – आय आमानो (व्हिडिओ गर्ल आय)
१९९२ – नुकु नुकु (नुकु नुकु)
१९९४ – मोमिजी फुजिमिया (ब्लू सीड)
१९९५ – लीना इन्व्हर्स (स्लेयर्स). २००८–०९ मध्ये पुन्हा
१९९५ – रेइ आयानामी, युई इकारी, पेनपेन (निऑन जेनेसिस इव्हँजेलियन)
१९९६ – लाइम (सेबर मॅरियोनेट जे)
१९९७ – मुसाशी (पोकेमॉन)
१९९८ – फे व्हॅलेंटाइन (काउबॉय बीबॉप)
१९९८ – कॅनाल (लॉस्ट युनिव्हर्स)
१९९९ – आय हायबारा (डिटेक्टिव्ह कोनान)
२००० – हारुका उराशिमा (लव्ह हिना)
२००१ – आन्ना क्योयामा (शामन किंग); २०२१ मध्ये पुन्हा
२००६ – पाप्रिका / आत्सुको चिबा (पाप्रिका)
२०१६ – मियोकिची (शोवा गेन्रोकु राकुगो शिन्जू)

निवडक अल्बम

हाफ अँड, हाफ (१९९१)
स्फिअर (१९९४)
आँफ्लराज (१९९५)
बेर्तेमु (१९९६)
इरावती (१९९७)
फुवारी (१९९९)
फील वेल (२००२)
प्लेन (२००७)
चॉइस (२०१०)
फिफ्टी-फिफ्टी (२०१८)